आमच्या मावशी बाळाचा पापा घेत नाहीत, त्याचं कारण

बाळाच्या मालिशीला आणि अंघोळीला आमच्या मावशी घरी येतात, तेव्हा पहिल्याच दिवशी दोन-तीन गोष्टी घरच्यांना खटकतात. गैरसमज नको म्हणून हे पत्रक आधीच देतो.

मावशी आल्या की बाळाकडे न बघता थेट मोरीवर जातात. नाशिकच्या सिडकोतून गंगापूर रोडला येईपर्यंत बसचा दांडा, जिन्याचा कठडा, मोबाइल, सगळ्याला हात लागलेला असतो. आरएसव्ही हा सर्दीचा विषाणू अशा कडक पृष्ठभागावर काही तास टिकतो. आपलं नुसतं नाक गळतं. दोन महिन्यांच्या बाळाला मात्र धाप लागते. म्हणून बांगड्या वर सारून साबणाने पुरते २० सेकंद हात धुवायचे. सॅनिटायझर चालत नाही का, असं विचारतात. उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस त्याला फारसा जुमानत नाही.

आता पापा. ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड येतात ना, जर उठली म्हणतो आपण, तो हर्पीसचा विषाणू. मोठ्यांचं आठ-दहा दिवसांत आपोआप बरं होतं. पहिल्या महिन्यातल्या बाळाच्या मात्र तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो आणि जिवावर बेतू शकतं. फोड नसतानाही लाळेतून पसरतो, म्हणून बारशाच्या पाहुण्यांना सांगा, पायाला हात लावा, गालाला ओठ नको. वाईटपणा आमच्या नावावर घाला हवं तर.

सहा महिन्यांनंतर खरा घोटाळा वरणभाताच्या वाटीत होतो. आजी भात मऊ कालवते, चमच्यावर फुंकर घालते, ओठाला लावून कोमट आहे का बघते आणि तोच चमचा बाळाच्या तोंडात. माया खरी, पण चमच्यावर लाळही आलीच. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तरी ऊन आहे का ते कळतं. खाली पडलेली चोखणी स्वतःच्या तोंडात घालून 'स्वच्छ' करणाऱ्या आयाही आम्ही पाहिल्यात.

हे उलटंही होतं. लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत सीएमव्ही हा विषाणू महिनोन्महिने असू शकतो. मूल ठणठणीत दिसतं. पण आईला पुन्हा दिवस गेले असतील, तर पोटातल्या बाळाच्या ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो. आणि मुलाचं उष्टं संपवणारी बहुधा आईच असते. लंगोट बदलल्यावर हात धुवायचे ते यासाठीही.

जुलाबाचे जंतू पाण्यातूनही पोटात जातात, म्हणून रामकुंडाचं (गोदावरीचं) तीर्थ बाळाच्या ओठाला लावू नका, कपाळाला लावा. लहान मुलांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसची लस ६, १० आणि १४ आठवड्यांना सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, ती चुकवू नका.

आईला सर्दी झाली तर अंगावर पाजणं थांबवू नका. हात धुवून, मास्क लावून पाजा.

मावशींना सर्दी-खोकला असेल त्या दिवशी त्या येणार नाहीत. सकाळी सातच्या आत फोन करू, जमलं तर बदली मावशी पाठवू, नाहीतर त्या दिवसाचे पैसे लावणार नाही. तुमच्या घरी कुणी आजारी असेल तर आदल्या रात्रीच कळवा. मावशी दिवसाला चार घरं करतात.