रासायनिक कारखान्याची परवानगी: अर्ज अनेक, पण मटेरियल बॅलन्स एकच

कारखाना तळोज्याला असो, अंबरनाथला, पाताळगंगेला की तारापूरला, त्याचे कागद बहुतेक वेळा मुंबईतच तयार होतात. ड्रॉइंग ऑफिस साकीनाक्याला, मालकाची कचेरी मुलुंड किंवा चेंबूरला. अर्जासाठी ज्या पायऱ्या चढायच्या त्याही इथल्याच. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ सायनच्या कल्पतरू पॉइंटमध्ये, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय (म्हणजे सगळे ज्याला ‘डिश’ म्हणतात ते) वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात, एमआयडीसीचे मुख्यालय अंधेरीला महाकाली गुंफा रस्त्यावर आणि पेसोचे (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे) कार्यालय सीबीडी बेलापूरला. प्रत्येक ठिकाणचा अर्ज, शुल्क आणि पोर्टल वेगळे.

म्हणून बहुतेक उद्योजक कामही वाटून देतात. पर्यावरणाचा सल्लागार मंडळाचा अर्ज भरतो, आर्किटेक्ट डिशचे नकाशे काढतो, टाक्यांचा ठेकेदार पेसोकडे जातो. तिघांकडे तीन वेगवेगळे आकडे असतात आणि परवानगी अडते ती इथेच. या लेखात प्रक्रिया सांगितली आहेच. पण मला सर्वांत जास्त पोटतिडकीने जे सांगायचे आहे ते एवढेच: अर्ज कितीही असले तरी त्यांतला प्रत्येक आकडा प्रोसेस डिझाइनच्या एकाच, सही झालेल्या कागदातून उचललेला असला पाहिजे.

हे कोणाला लागू

विजेवर चालणारे यंत्र असेल आणि २० किंवा त्याहून जास्त कामगार असतील, तर ती जागा ‘कारखाना’ ठरते. वीज नसेल तर ही मर्यादा ४० कामगारांची आहे. कारखाने अधिनियम १९४८ ची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. त्यामुळे जुना डाउनलोड केलेला नमुना भरत बसू नका, अर्जाच्या दिवशी पोर्टलवर जो नमुना दिसेल तोच वापरा.

प्रदूषण मंडळाची संमती मात्र कामगारांच्या संख्येवर ठरत नाही. जलप्रदूषण कायदा १९७४ मधील कलम २५ आणि वायुप्रदूषण कायदा १९८१ मधील कलम २१ यांनुसार ती लागते. पाच माणसांचे युनिट असले, तरी सांडपाणी किंवा धूर निघत असेल तर ते यातून सुटत नाही.

अर्जावर सही भोगवटादाराची, म्हणजे कंपनी असेल तर संचालकाची. मॅनेजरने ‘साहेब परदेशात आहेत’ म्हणून सही केली की अर्ज परत येतो.

आधी हे पाच कागद पक्के करा

कुठल्याही पोर्टलवर लॉगिन करण्याआधी प्रोसेस इंजिनियरकडून पाच गोष्टी हातात घ्या: डिझाइन बेसिस (प्लांट ज्या गृहीतकांवर आखला ती), मटेरियल बॅलन्ससह (आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या मालाच्या ताळेबंदासह) प्रोसेस फ्लो डायग्राम, पाण्याचा ताळेबंद, यंत्रसामग्रीची यादी आणि प्लॉट प्लॅन (भूखंडावर काय कुठे बसते तो आराखडा). पी अँड आयडी (पाइप, व्हॉल्व्ह आणि मापक यंत्रे दाखवणारा नकाशा) आणि हॅझॉपचा (प्रक्रियेत काय बिघडू शकते याच्या पद्धतशीर तपासणीचा) अहवाल पुढच्या टप्प्यावर लागतो, पण ही पाच असल्याशिवाय अर्जाला हात घालू नये. प्रत्येक कागदाच्या टायटल ब्लॉकमध्ये रेव्हिजन क्रमांक, तारीख, आणि करणारा, तपासणारा व मंजूर करणारा अशा तिघांच्या सह्या हव्यात. ‘रेव्ह ०’ झाल्यावर आकडा बदलला, तर ‘रेव्ह १’ काढून तो सगळ्यांना वाटायचा. व्हॉट्सॲपवर ‘सर, जरा बदललंय’ असा निरोप टाकला म्हणजे रेव्हिजन झाली असे होत नाही.

मटेरियल बॅलन्स म्हणजे काय, ते एका साध्या उदाहरणाने पाहू. ब्युटाइल ॲसिटेट बनवायचे आहे. एका बॅचला ७४१ किलो ब्युटॅनॉल आणि ६०१ किलो ॲसिटिक आम्ल, म्हणजे दोन्ही १० किलोमोल (दोन्हींचे रेणू सारख्याच संख्येने). आत गेले एकूण १३४२ किलो. रूपांतर ९५ टक्के धरले, तर बाहेर येते ११०४ किलो ब्युटाइल ॲसिटेट, १७१ किलो पाणी, आणि न जुळलेला कच्चा माल ६७ किलो (३७ किलो ब्युटॅनॉल आणि ३० किलो आम्ल). बेरीज पुन्हा १३४२. आत गेलेले आणि बाहेर आलेले जुळले म्हणजे कागद खरा.

आता त्या १७१ किलो पाण्याकडे पाहा. हे पाणी कुणी नळाने आत सोडलेले नाही, ते अभिक्रियेतच तयार झाले. दिवसाला दोन बॅच म्हणजे ३४२ किलो. पाण्याचा ताळेबंद ‘मीटरवर आलेले पाणी’ एवढ्यावरच करणारा माणूस हे हमखास विसरतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या हिशेबात हे पाणी नसते, पण अर्जासोबत जोडलेल्या रासायनिक समीकरणात ते स्पष्ट दिसते. मंडळाचा अधिकारी समीकरण वाचतो आणि विचारतो, ‘हे पाणी कुठे गेले?’ मी काम केलेल्या एका प्रकल्पात याच एका प्रश्नामुळे प्रक्रिया केंद्राची पूर्ण गणिते पुन्हा करावी लागली. टाकीचे काँक्रीट तेव्हा ओतून झाले होते.

त्या ६७ किलोंचाही पत्ता लिहायला हवा. त्यांतले किती ऊर्ध्वपातनातून परत वापरात येते, किती धुण्याच्या पाण्यात जाते आणि किती तळाशी गाळ म्हणून उरते? पहिल्याचे उत्तर यंत्रसामग्रीच्या यादीत दिसते, दुसऱ्याचे सांडपाण्याच्या सीओडीमध्ये (पाण्यातल्या सेंद्रिय प्रदूषणाच्या मापात) आणि तिसऱ्याचे घातक कचऱ्याच्या अर्जात. एका बॅचच्या हिशेबाला तीन खात्यांचे कागद बांधलेले असतात.

दिवसांचा हिशेबही एकच ठेवा. महिन्याला २५ दिवस धरले तर उत्पादन ५५.२ टन, ३० दिवस धरले तर ६६.२ टन. सल्लागाराने ३० आणि आर्किटेक्टने २५ धरले, की तेच युनिट दोन कार्यालयांत दोन क्षमतांचे होते. म्हणून डिझाइन बेसिसच्या पहिल्याच पानावर वर्षाचे दिवस, दिवसाच्या पाळ्या आणि बॅचचा वेळ लिहून ठेवावा.

पर्यावरण मंजुरी लागते का?

हा प्रश्न भूखंड घेण्यापूर्वीच सोडवा. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेच्या यादीत तुमचे उत्पादन असेल, तर ‘परिवेश’ पोर्टलवरून आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. कृत्रिम सेंद्रिय रसायने ५(एफ) या नोंदीखाली येतात, म्हणजे वरच्या उदाहरणातले ब्युटाइल ॲसिटेटसुद्धा. अधिसूचित औद्योगिक वसाहतीच्या आत असाल तर प्रकरण साधारणपणे राज्य पातळीवर हाताळले जाते, बाहेर असाल तर केंद्राकडे जाते. मंजुरीपूर्वी बांधकामाला हात लावला तर ते उल्लंघन ठरते, मग नंतर कितीही चांगला अहवाल द्या.

कन्सेंट टू एस्टॅब्लिश

बांधकामापूर्वीची ही संमती मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवरून मागायची. उद्योग लाल, नारिंगी, हिरवा की पांढरा हे प्रदूषणाच्या निर्देशांकावरून ठरते. शुल्क मात्र भांडवली गुंतवणुकीवर ठरते आणि त्यासाठी चार्टर्ड अकाउंटंटचे प्रमाणपत्र लागते. त्यात जमीन, इमारत आणि यंत्रसामग्री यांची घसारा न वजा केलेली किंमत धरतात. इथे यंत्रसामग्रीची यादी पुन्हा उपयोगी पडते: यादीत आठ रिॲक्टर आणि प्रमाणपत्रात सहाची किंमत असे होऊ देऊ नका. प्रवर्ग आणि गुंतवणूक यांवरूनच तुमचा अर्ज उपप्रादेशिक अधिकारी, प्रादेशिक अधिकारी की सायनचे मुख्यालय यांपैकी कुठे निकाली निघणार हे ठरते.

सोबत भूखंडाचे वाटपपत्र किंवा करारनामा, लेआउट, उत्पादन प्रक्रियेचे वर्णन व फ्लो चार्ट, कच्च्या मालाची व उत्पादनांची यादी, पाण्याचा ताळेबंद, सांडपाणी प्रक्रिया केंद्राची गणिते, इंधनाचा तपशील, चिमण्यांचा तपशील आणि घातक कचऱ्याचे प्रकार व प्रमाण जोडावे. कचऱ्याला ‘स्लज’ एवढेच नाव देऊन भागत नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीतला क्रमांक लागतो. सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ ३५.३ मध्ये, वापरलेले सॉल्व्हंट २०.२ मध्ये आणि ऊर्ध्वपातनाचा अवशेष २०.३ मध्ये. विल्हेवाट कुठे, तेही लिहायचे. मुंबई परिसरातल्या बऱ्याच युनिटांचा असा कचरा तळोज्याच्या सामाईक प्रकल्पात जातो.

चिमणीची उंची अंदाजाने टाकू नका. बॉयलरसाठी सूत्र आहे: सल्फर डायऑक्साइडचे ताशी किलो घ्या, त्याचा ०.३ घात करा आणि १४ ने गुणा, उत्तर मीटरमध्ये येते. ताशी ५०० किलो कोळसा आणि त्यात ०.५ टक्के गंधक असेल तर सल्फर डायऑक्साइड ताशी ५ किलो, उंची सुमारे २२.७ मीटर. तोच कोळसा १ टक्का गंधकाचा आला तर सुमारे २७.९ मीटर. खरेदी विभागाने स्वस्त कोळसा ठरवला तर चिमणी पाच मीटरने वाढते, म्हणून इंधनाचे स्पेसिफिकेशनही डिझाइन बेसिसमध्येच हवे. जनरेटरसाठी केव्हीएचे वर्गमूळ घेऊन ०.२ ने गुणायचे आणि ते इमारतीच्या उंचीत मिळवायचे. २५० केव्हीएला छतापासून सुमारे ३.२ मीटर.

मिळालेली संमती सामान्यतः कारखाना सुरू होईपर्यंत किंवा पाच वर्षे, यांपैकी आधी येईल तोपर्यंत चालते.

डिशची नकाशा मंजुरी

इथे दोन कागद एकमेकांशी बोलायला हवेत: प्रक्रियेचा फ्लो चार्ट आणि आर्किटेक्टचा नकाशा. नकाशात यंत्रांच्या जागा, वाटा, नैसर्गिक उजेड, हवा आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे मार्ग दाखवायचे असतात. आर्किटेक्टला प्लॉट प्लॅन न देता फक्त ‘शेड ४० बाय २०’ एवढेच सांगितले, तर तो रिॲक्टर नेमका जिन्यासमोर ठेवतो. यात दोष त्याचा नाही, त्याला माहिती न देणाऱ्याचा आहे.

प्रक्रिया धोकादायक वर्गात येत असेल तर तपासणी आणखी कडक होते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये जे झाले, त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. स्थळ मूल्यांकन समिती आणि धोक्यांची माहिती कामगारांना व आसपासच्या लोकांना सक्तीने उघड करणे या गोष्टी तेव्हा आल्या. त्यामुळे एमएसडीएस (रसायनाच्या धोक्यांचे माहितीपत्रक) आणि हॅझॉप हे फाइल जाड करायचे कागद नव्हेत. ज्या ऑपरेटरच्या हातात तो व्हॉल्व्ह असणार आहे, त्याच्यासाठी ते आहेत.

साठ्याचे प्रमाण १९८९ च्या घातक रसायने नियमांशी ताडून पाहा. क्लोरीनच्या साठ्याला खालची मर्यादा १० टन आणि वरची २५ टन, अमोनियाला ६० आणि ६०० टन. क्लोरीनच्या एका टनरमध्ये (मोठ्या सिलिंडरमध्ये) साधारण ९०० किलो असते. अकरा टनर म्हणजे ९.९ टन. बारावा ट्रकमधून उतरला की १०.८ टन होतात आणि काम सुरू करण्याच्या किमान तीन महिने आधी जागेची अधिसूचना देणे बंधनकारक होते. ऑन-साइट आपत्कालीन योजना आणि तिची दर सहा महिन्यांनी रंगीत तालीम हीसुद्धा या खालच्या मर्यादेपासूनच लागते. वरची मर्यादा ओलांडली तर त्याखेरीज ९० दिवस आधी सुरक्षा अहवाल. किती टनर ठेवायचे हा निर्णय स्टोअरकीपरवर सोडायचा नसतो.

पेसो आणि अग्निशमन

टोल्युइनसारखे हायड्रोकार्बन साठवणार असाल तर पेट्रोलियम नियम २००२ लागू होतात. ज्वलनबिंदू (फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते) २३ अंश सेल्सिअसखाली असेल तर ‘अ’ वर्ग, आणि टोल्युइनचा सुमारे ४ अंश. टाक्यांची आतली अंतरे, बांध आणि कुंपण यांचे नकाशे आधी मंजूर करून घ्यावे लागतात, परवाना बांधकामानंतर. दाबाखालच्या वायूच्या १००० लिटरहून मोठ्या टाक्यांना २०१६ चे वेगळे नियम आहेत.

अग्निशमनासाठी बांधकामापूर्वी तात्पुरता आणि नंतर अंतिम ना-हरकत दाखला. एमआयडीसीत तो त्यांच्याच अग्निशमन विभागाकडून मिळतो. पुढे दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचा ‘नमुना ब’ (अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र) द्यायचा असतो. बॉयलरचे आणि वाफेच्या मुख्य पाइपांचे नकाशे बाष्पके संचालनालयाकडे.

सुरू करण्यापूर्वी

बांधकाम पूर्ण झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला, इमारतीचे स्थैर्य प्रमाणपत्र, अंतिम अग्निशमन दाखला, पेसोचा परवाना, कारखाना नोंदणी व परवाना आणि मंडळाचे कन्सेंट टू ऑपरेट (कारखाना चालवण्याची संमती), त्यातच घातक कचऱ्याचे प्राधिकारपत्र. कन्सेंट टू ऑपरेटच्या वेळी अधिकारी जागेवर येतात आणि मंजूर कागद हातात घेऊन यंत्रे मोजतात. या भेटीच्या किमान पंधरा दिवस आधी तुमच्याच इंजिनियरने ‘ॲज बिल्ट’ (प्रत्यक्ष बांधणीप्रमाणे काढलेला) पी अँड आयडी घेऊन प्लांटमध्ये फिरावे. प्रत्येक पाइप बोटाने दाखवत पुढे जावे आणि नकाशात नसलेले जिथे सापडेल तिथे लाल पेनाने खूण करावी. एकट्याने नको, सोबत पाळीवरचा ऑपरेटर हवा. रात्री कोणती बायपास लाइन वापरली जाते, ते त्यालाच ठाऊक असते.

नंतर नवे उत्पादन घ्यायचे असेल, क्षमता वाढवायची असेल किंवा इंधन बदलायचे असेल, तर काम सुरू करण्याआधी संमतीत बदल मागावा लागतो. सुरुवात पुन्हा तिथूनच: मटेरियल बॅलन्सची नवी रेव्हिजन, तिच्यावर तीन सह्या, आणि जुन्या प्रतींवर ‘रद्द’ असा शिक्का.