बॅक्युला सोर्समधून बांधताना पर्याय का जपायचे : पार्श्वभूमी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत आणि लहान संस्थांत मोडी कागदांचे स्कॅन आणि जुन्या मैफलींची डिजिटल ध्वनिमुद्रणं साठत चालली आहेत. गायक कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली शंकर गांधर्व महाविद्यालय सुरू केलं ते याच गावात, तेव्हा घरोघरी गाण्याच्या टेप निघाल्या तर नवल नाही. पण अशा कामाला मिळतात ते संगणक बहुधा देणगीतले. एकावर ताजं लिनक्स, तर दुसऱ्यावरच्या जुन्या लिनक्सची तयार पॅकेजं येणं केव्हाच थांबलेलं. मग बॅक्युला हे बॅकअपचं सॉफ्टवेअर सोर्समधून, म्हणजे मूळ कोडमधून, कंपाइल करावं लागतं, आणि सगळीकडे ते सारख्याच पर्यायांनी, म्हणजे सुविधांच्या सारख्याच निवडीने, बांधलं गेलं का, हा प्रश्न उभा राहतो.

प्रश्न जुना आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये 'मेक' हे बांधणीचं साधन लिहिलं आणि प्रोग्राम बांधणं सोपं झालं. तरी फाइलींच्या जागा आणि लायब्ररींची (प्रोग्रामला लागणाऱ्या तयार कोडची) नावं 'मेक'च्या सूचनांच्या फाइलमध्ये, म्हणजे मेकफाइलमध्ये, हातानेच भरावी लागत. नवी आवृत्ती आली की पुन्हा तेच. पुढे लॅरी वॉल यांच्या कॉन्फिगर स्क्रिप्टने मशीन स्वतः तपासायला आणि उरलेलं माणसाला विचारायला सुरुवात केली. १९९१ च्या उन्हाळ्यात डेव्हिड मॅकेन्झी यांनी अशी कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करून देणारं ऑटोकॉन्फ सुरू केलं आणि विचारणंही संपलं. पर्याय आता आज्ञेतच लिहायचे. माझ्या मते ऑटोकॉन्फची खरी देणगी मात्र वेगळी आहे : दिलेले पर्याय ते नोंदवून ठेवतं. 'कॉन्फिग.लॉग' या नोंदींच्या फाइलच्या सुरुवातीलाच मूळ आज्ञा सापडते, आणि 'कॉन्फिग.स्टेटस' या स्क्रिप्टला 'रीचेक' सांगितलं की तेच पर्याय घेऊन तपासणी पुन्हा होते.

बॅकअपच्या क्षेत्रात पर्याय जपण्याची गरज लवकर भासली. मेरीलँड विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला घडलेल्या 'अमांडा' या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या वापरकर्त्याच्या आणि गटाच्या नावाने काम चालेल, हे कंपाइल करतानाच ठरवावं लागे. एका मशीनवर नाव वेगळं पडलं की ते मशीन बाकीच्यांशी जुळेना.

कर्न सिबाल्ड यांनी २००० मध्ये सुरू केलेलं बॅक्युला २००२ मध्ये लोकांसमोर आलं. त्याचे तीन मुख्य भाग : कामं ठरवणारा डायरेक्टर, बॅकअप साठवणारा स्टोरेज डीमन आणि प्रत्येक मशीनवरच्या फाइली वाचणारा फाइल डीमन (डीमन म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम). पहिल्या दोघांची आवृत्ती एकच असावी लागते, फाइल डीमन जुना चालतो. आवृत्तीचा हा नियम सगळ्यांना पाठ असतो. घोटाळा होतो तो पर्यायांत, कारण कॉन्फिगर मशीनवर जी लायब्ररी सापडेल त्यानुसार सुविधा चालू किंवा बंद करतं. अक्षरशः तीच आज्ञा दोन मशीनवर दिली, पण एकावर एसीएलच्या (फाइलवर कोणाला काय करता येईल, या तपशीलवार परवानग्यांच्या) हेडर फाइली, म्हणजे बांधणीला लागणाऱ्या फाइली, नसल्या, तर तिथला फाइल डीमन एसीएलशिवाय तयार होतो. बांधणी मात्र यशस्वी दिसते. फाइली जपल्या जातात, त्यांच्या बारीक परवानग्या मात्र जपल्या जात नाहीत, आणि हे कळतं ते रिस्टोर करताना. एन्क्रिप्शनचं त्याहून कठीण : ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीशिवाय बांधलेला फाइल डीमन एन्क्रिप्ट केलेला बॅकअप उघडूच शकत नाही, जवळ किल्ली असली तरी.

म्हणून कॉन्फिगर झाल्यावर तयार होणारी 'कॉन्फिग.आउट' ही फाइल मी सर्वांत मोलाची मानतो. टीएलएस (सुरक्षित जोडणी), एन्क्रिप्शन, झेडलिब (फाइली आकुंचित करणारी लायब्ररी), एसीएल यांपैकी काय लागलं आणि काय नाही, ते तिच्यात एका नजरेत दिसतं. दोन मशीनच्या या फाइली 'डिफ' या फरक दाखवणाऱ्या आज्ञेने शेजारी ठेवून पाहायला मिनिटही लागत नाही. आज्ञा दरवेळी आठवून टाइप न करता स्क्रिप्टमध्ये ठेवावी, असा सल्ला या सॉफ्टवेअरच्या जाणकारांत जुना आहे.

बॅक्युलातून फुटून निघालेल्या बेरिऑस या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती २०१३ मध्ये आली. त्याची बांधणी आता सीमेक या दुसऱ्या साधनाने होते, त्यामुळे जुनी स्क्रिप्ट तिथे तशीच चालत नाही, पर्याय नव्याने लिहून काढावे लागतात. त्याच वर्षी डेबियन या लिनक्सच्या प्रकल्पात एकाच सोर्समधून बिट न् बिट सारखी बायनरी, म्हणजे कंपाइल झालेला प्रोग्राम, मिळवण्याचं काम सुरू झालं. आपल्यासारख्या लहान संग्रहांना तेवढ्या काटेकोरपणाची गरज नाही. पण स्क्रिप्ट, प्रत्येक मशीनची 'कॉन्फिग.आउट' आणि ज्यातून बांधणी केली तो सोर्सचा टारबॉल (एकत्र बांधलेली फाइल), हे तिन्ही बॅकअपच्या सर्व्हरबाहेर, शक्यतो दुसऱ्या घरातल्या डिस्कवर असायला हवेत. सर्व्हरच गेला तर नवा फाइल डीमन बांधायला पहिल्यांदा हेच लागतील.