बिडातला पापुद्रा आणि हजार अश्वशक्ती

एक रील अधूनमधून फिरत असतं. १९८० च्या दशकात बीएमडब्ल्यूवाले म्हणे फॉर्म्युला वनसाठी जुन्या गाड्यांचे इंजिन ब्लॉक गोळा करायचे, ते महिनोन्‌महिने उन्हापावसात टाकून ठेवायचे आणि येताजाता कामगार त्यांच्यावर लघवी करायचे. त्यातून लोखंड ‘मुरायचं’ आणि हजार अश्वशक्ती पेलायचं. हे रील आपल्या गटांत पोचलं की कुणीतरी त्याला गोमूत्राच्या गुणांची जोड देतोच.

लघवीचं सोडून देऊ. तिच्यातल्या क्षारांनी बिडाला (ओतीव लोखंडाला) गंज चढतो, तोही वरवर. कथेचा उरलेला भाग मात्र बराचसा खरा आहे आणि लघवीपेक्षा कितीतरी मजेदार आहे. एम१२/१३ हे ते इंजिन: दीड लिटर, चार सिलिंडर, टर्बो, म्हणजे हवा दाबून आत कोंबणारा पंखा. त्याचा ब्लॉक रस्त्यावरच्या साध्या बीएमडब्ल्यू गाड्यांत १९६० च्या दशकापासून बसणाऱ्या एम१० इंजिनाचा, म्हणजे चक्क बिडाचा. बीएमडब्ल्यूचे इंजिन अभियंते पाउल रोशे यांच्या हाताखाली ते शर्यतीसाठी तयार झालं, आणि १९८३ साली ब्रॅबम बीटी५२ मधून नेल्सन पिके याच इंजिनावर विश्वविजेता झाला. टर्बो इंजिनावर मिळालेलं ते पहिलं चालकांचं अजिंक्यपद. पुढे पात्रता फेऱ्यांत त्याची ताकद हजार अश्वशक्तीच्या बरीच पलीकडे गेली. किती, यावर वाद आहेत, कारण डायनोची, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राची, हद्दच संपत होती. सुरुवातीच्या इंजिनांसाठी रस्त्यावर भरपूर पळालेले ब्लॉक निवडले गेले होते, हेही खरं.

का? नवा कोरा ब्लॉक सोडून भंगारातला का घ्यावा?

जोरदार इंजिन बांधायला घेतलं की पहिली निवड ब्लॉकची असते, आणि उत्तर सगळ्यांना आधीच माहीत असतं: अॅल्युमिनियम. हलकं, आधुनिक, महाग, म्हणजे चांगलंच असणार. बीड म्हणजे ट्रॅक्टर आणि पाण्याची इंजिनं. मला हे पटत नाही.

ब्लॉकवर काय गुदरतं ते आधी पाहू. टोयोटा सुप्राचं प्रसिद्ध २जेझेड इंजिन घ्या. त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८६ मिलिमीटर. टर्बो लावून ज्वलनाचा दाब १०० बारपर्यंत नेला तर एका पिस्टनवर सहा टनांच्या आसपास जोर येतो. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर हा दणका प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला ५० वेळा बसतो. तोच जोर वर हेडला, म्हणजे सिलिंडरांच्या झाकणाला, उचलू पाहतो आणि खाली क्रँकशाफ्टला ढकलतो, आणि या दोन्हींना धरून ठेवणारा मधला तुकडा म्हणजे ब्लॉक. तो फुटू नये ही झाली किमान अपेक्षा. त्याहून अवघड अट अशी की बोअर गोल राहिला पाहिजे. पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची. बोअर तेवढा जरी लंबगोल झाला, तरी पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने वायू खाली निसटतो, तेल वर येतं, आणि कागदावरची अश्वशक्ती कागदावरच राहते.

आता माझ्या आवडीचा भाग. घाई असेल त्यांनी अॅल्युमिनियमपाशी उडी मारावी.

ब्लॉकच्या बिडात वजनाने सव्वातीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो आणि दोनेक टक्के सिलिकॉन. वितळलेला रस थंड होऊ लागला की एवढा कार्बन लोखंडात मावत नाही. सिलिकॉनच्या मदतीने तो ग्राफाइट होऊन वेगळा निघतो, पेन्सिलीत असतं तेच ग्राफाइट. ते लोखंडाच्या तिपटीहून हलकं, म्हणून सव्वातीन टक्के वजन आकारमानात दहा टक्क्यांच्या घरात जातं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर लोखंडभर वाकडेतिकडे पापुद्रे पसरलेले दिसतात. कोल्हापुरात, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत हे सूक्ष्मदर्शकाशिवायही तपासतात. रसाची छोटी पाचर ओतायची, थंड करून मोडायची आणि मोडलेल्या तोंडाचा रंग बघायचा. राखाडी म्हणजे ग्राफाइट नीट सुटलं. टोकापासून आतपर्यंत पांढरं म्हणजे कार्बन लोखंडालाच चिकटून राहिला. तसं बीड काचेसारखं कडक आणि ठिसूळ, त्यावर टूल टिकत नाही.

पापुद्र्याला स्वतःची ताकद जवळजवळ नाही. भाराच्या दृष्टीने ती एक पोकळीच, आणि तिचं टोक तीक्ष्ण. नव्या कापडाच्या काठाला कात्रीने लहानशी चीर दिली की ते तिथूनच टरकन फाटतं. प्रत्येक पापुद्रा म्हणजे लोखंडाला आतून दिलेली अशी चीर. ओढलं की सगळा ताण टोकाशी गोळा होतो. म्हणून राखाडी बीड दाबाखाली उत्तम, दाबात त्याची ताकद ओढीतल्या ताकदीच्या तीन-चार पट, पण ओढलं की लवकर हार मानतं.

पण याच दोषातून त्याचे तिन्ही गुण निघतात. कंपन आलं की पापुद्रे ते आतल्या आत जिरवतात; यंत्रांचे बेड बिडाचे असतात ते यामुळे. होनिंग केलेल्या, म्हणजे बारीक दगडांनी घासून नेमक्या मापाला आणलेल्या, बोअरच्या भिंतीवर पापुद्र्यांची तोंडं उघडी पडतात, तिथे तेल धरून राहतं आणि ग्राफाइट स्वतःही वंगणाचं काम करतं. तिसरा गुण कमी माहितीचा आहे. टोकाशी ताण एवढा साठतो की बाकीचा ब्लॉक अगदी निवांत असतानाही टोकालगतचं लोखंड कायमचं किंचित सरकतं. त्यामुळे राखाडी बिडाला पोलादासारखा स्पष्ट नम्यबिंदू, म्हणजे ज्यापुढे धातू कायमचा वाकतो तो टप्पा, नसतो. भार आणि लांबीतली वाढ यांच्या आलेखात सरळ रेष जवळपास सुरुवातीपासूनच वाकत जाते.

इथे भंगारातल्या ब्लॉकचं कोडं सुटतं. ओतलेला ब्लॉक साच्यात सगळीकडे एकाच वेगाने थंड होत नाही. सिलिंडरच्या पातळ भिंती आधी आवळतात, बेअरिंगजवळचे जाड पडदे मागाहून. नंतर आवळणाऱ्या भागाला आधी घट्ट झालेला भाग मोकळेपणाने आकसू देत नाही. मग जाड भाग ताणात आणि पातळ भाग दाबात अडकून राहतो. बाहेर काहीच भार नसताना ब्लॉक स्वतःशीच भांडत असतो. त्याचा वरचा थर यंत्रावर काढला की हा तोल बदलतो आणि कालपर्यंत गोल असलेला बोअर आज थोडा सरकलेला सापडतो. हा अंतर्गत ताण उतरवायचा एक मार्ग म्हणजे भट्टी: ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला काही तास, मग अगदी सावकाश थंड करणं. दुसरा मार्ग म्हणजे गाडी चालवणं. हजारो वेळा तापणं-निवणं, कोट्यवधी दणके. प्रत्येक वेळी पापुद्र्यांच्या टोकाशी लोखंड कणभर सरकतं आणि साठलेला ताण थोडा थोडा सुटतो. खूप पळालेला ब्लॉक जेवढा वाकायचा तेवढा वाकून झालेला असतो. त्याला आता नव्याने बोअर केलं की तो तसाच राहतो.

उघड्यावर ठेवण्यातही तथ्याचा एक कण आहे. ताजं ओतलेलं राखाडी बीड काही आठवडे नुसतं पडून राहिलं तरी किंचित बळकट होतं, कारण त्यात विरघळलेला नायट्रोजन अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर पडतो आणि स्फटिकांचं सरकणं अडवतो. मात्र ते छपराखालीही होतं, त्याला पाऊस लागत नाही. अंतर्गत ताण तर नुसतं अंगणात ठेवून फारसा उतरतच नाही.

मग चीर बोथट करता आली तर? रसात थोडं मॅग्नेशियम घातलं की ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात येतं. ते झालं तन्य बीड. मॅग्नेशियम नेमकं मधल्या प्रमाणात राहिलं तर ग्राफाइटचे आखूड, जाड, बोथट टोकांचे किडे तयार होतात. हे सीजीआय, म्हणजे कॉम्पॅक्टेड ग्राफाइट आयर्न. राखाडी बिडाच्या मानाने त्याची ओढीतली ताकद किमान पाऊणपट जास्त. पण मॅग्नेशियम टनामागे दहा ग्रॅमने घसरलं तरी पापुद्रे परत येऊ शकतात. म्हणून हे बीड अनेक वर्षं प्रयोगशाळेबाहेर फारसं पडलंच नाही. दुसरी डोकेदुखी मशिनिंगची. राखाडी बिडातलं गंधक मँगनीजशी जुळून टूलच्या धारेवर संरक्षक थर बनवतं. सीजीआयमध्ये ते गंधक मॅग्नेशियमने आधीच पटकावलेलं असतं, त्यामुळे वेगाने बोअर करताना टूल झपाट्याने झिजतं. तरी २०१५ च्या फोर्ड एफ-१५० मधल्या २.७ लिटर टर्बो व्ही६ चा ब्लॉक सीजीआयचा आहे. आणि अमेरिकेतल्या नासकारच्या शर्यतींतही सीजीआय ब्लॉक पळाले आहेत.

आता अॅल्युमिनियम. घनता २.७, बिडाची ७.२. पण वजन त्या प्रमाणात घटत नाही. अॅल्युमिनियमची ताठरता चौरस मीटरला ७० अब्ज न्यूटनच्या आसपास, बिडाची शंभराच्या वर. म्हणून भिंती जाड कराव्या लागतात. शिवाय ते तापल्यावर दुप्पट फुगतं. ८६ मिलिमीटरचा बोअर ८० अंशांनी तापला तर बिडात तो ०.०८ मिलिमीटरने वाढतो, अॅल्युमिनियममध्ये ०.१५ ने. क्रँकशाफ्ट पोलादाचा किंवा बिडाचा असतो, तो तेवढा फुगत नाही. मग गरम इंजिनात बेअरिंगची फट वाढते आणि तेलाचा दाब उतरतो. उष्णता मात्र अॅल्युमिनियम बिडाच्या दोन-तीन पट वेगाने वाहून नेतं, हा त्याचा खरा फायदा. रिंगांचं घासणं नुसत्या अॅल्युमिनियमला झेपत नाही, म्हणून बिडाचे लाइनर (आतल्या नळ्या) बसवतात किंवा निकेलचा, नाहीतर फवारलेल्या लोखंडाचा थर देतात.

खरी मेख डेकमध्ये, म्हणजे हेड बसतं त्या ब्लॉकच्या वरच्या सपाट तोंडात, आहे. दाब देऊन पोलादी साच्यात ओतलेल्या ब्लॉकमध्ये पाण्याच्या जागेचा गाभा वरून बाहेर ओढावा लागतो, त्यामुळे सिलिंडरच्या नळ्या वरच्या टोकाला मोकळ्या उभ्या राहतात. याला ओपन डेक म्हणतात. होंडाची के मालिका अशीच आहे. नेहमीच्या वापराला ते उत्तम. पण जबर टर्बो लावला की नळ्या वरच्या टोकाला हलू लागतात आणि हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, जातं. म्हणून अशा ब्लॉकांत जाड स्लीव्ह (नळ्या) ठोकून डेक बंद करून घेतात.

निवड करायचीच तर माझं मत सांगतो. टर्बो, बेताचं बजेट आणि सरळ रेषेत पळायचं असेल तर बीड, डोळे मिटून. २जेझेडचं एवढं नाव झालं ते बिडाचा बंद डेकचा ब्लॉक आणि सात मेन बेअरिंग यांच्या जिवावर. अमेरिकेत शेवरलेच्या एलएस व्ही८ चा सौदा करताना लोक पिकअप ट्रकमधला बिडाचा ब्लॉक मुद्दाम शोधतात. स्वस्तात मिळतो, टर्बोचा जास्त दाब सोसतो. मात्र तो अॅल्युमिनियमच्या ब्लॉकपेक्षा ३५ ते ४५ किलोंनी जड, आणि हे वजन पुढच्या चाकांवर येतं. गाडी वळणावळणांच्या ट्रॅकवर न्यायची असेल तर तेच किलो दर वळणावर जाणवतात. तिथे बंद डेकचं अॅल्युमिनियम घ्यावं. निस्सान जीटी-आरचं व्ही६ तसंच आहे. घडवलेल्या अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेले, पाण्याची वाटच नसलेले ब्लॉक सरळ रेषेत पळणाऱ्या टॉप फ्युएल शर्यतींच्या गाड्यांत असतात, पण त्यांची शर्यत चार सेकंदांच्या आत संपते. तो ब्लॉक रोजच्या गाडीत बसवण्याची हौस करणाऱ्याला सिग्नलवर उभं राहता येणार नाही. (आपल्याकडे यातलं काही रस्त्यावरच्या गाडीत करायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचावं.)

ब्लॉक कुठलाही घ्या, बोअर मोठा करण्याआधी भिंतींची जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजून घ्यावी. ओतताना गाभा थोडा सरकलेला असतो, त्यामुळे एका बाजूची भिंत दुसरीपेक्षा पातळ निघते आणि बाहेरून ते कळत नाही. आणि होनिंग करताना हेडच्या जागी जाड टॉर्क प्लेट त्याच बोल्टांनी, त्याच टॉर्कला आवळलेली हवी, कारण बोल्ट आवळले की बोअर त्यांच्या ओढीने हलतो. प्लेट काढून मोजलं तर असा बोअर किंचित वेडावाकडा भरतो. हेड बसवल्यावर तो गोल होतो.