युरेनियम खनिजाचा लहान आढळ

खडकाच्या भेगेत, शिरेत किंवा थरात युरेनियमची खनिजे ओळखू येतील इतकी साचलेली आहेत, पण खाणीजोगा साठा सिद्ध झालेला नाही, अशा जागेला ‘आढळ’ म्हणतात. तो तळहाताएवढा पिवळा पापुद्रा असेल, नाहीतर चाळीस-पन्नास मीटर लांबीची शीर.

युरेनियम तसे दुर्मिळ नाही. भूकवचात ते सरासरी दहा लाख भागांत २.७ भाग असते, ग्रॅनाइटमध्ये चारच्या आसपास. हे विखुरलेले युरेनियम गोळा करण्याचे काम पाणी करते. ऑक्सिजनयुक्त पाण्यात युरेनियम सहा संयुजेच्या रूपात असते, कार्बोनेटशी जोडी जमवते आणि सहज वाहून जाते. पायराइट (लोह-गंधकाचे खनिज), सेंद्रिय द्रव्य किंवा फेरस लोहाची खनिजे वाटेत भेटली की त्याची संयुजा चारवर येते आणि ते जवळजवळ अविद्राव्य होऊन तिथेच बसते. म्हणून आढळ पाहताना पहिला प्रश्न हाच विचारावा: पाणी कुठून आले आणि कशाने अडले?

ग्रॅनाइटमधल्या शिरेचा ताजा छेद नीट पाहिला तर उत्तराचा बराच भाग तिथेच सापडतो. कडेचा फेल्स्पार (ग्रॅनाइटमधले एक मुख्य खनिज) हेमॅटाइट या लोह-ऑक्साइडमुळे विटकरी लाल झालेला असतो. आतले क्वार्ट्झ किरणोत्सर्गाने धुरकट आणि फ्लोराइट जवळजवळ काळे-जांभळे पडलेले असते. मध्यभागी पिचब्लेंडचा, म्हणजे युरेनियमच्या ऑक्साइडचा, मूत्रपिंडाच्या आकाराचा काळा, डांबरासारखा चमकणारा थर असतो. हाताला तो अपेक्षेपेक्षा फार जड लागतो. त्याला नारिंगी-पिवळ्या, मेणचट बदल-खनिजांची किनार असते आणि बाहेरच्या भेगांत ऑटुनाइटचे (युरेनियमचे एक फॉस्फेट) लिंबू रंगाचे चौकोनी पत्रे दिसतात. अतिनील दिव्याखाली ऑटुनाइट हिरवट पिवळे झळाळते. त्याचाच तांबेयुक्त भाऊबंद टॉर्बर्नाइट पाचूसारखा हिरवा असतो, पण तांब्यामुळे सहसा झळाळत नाही. कार्नोटाइट हे युरेनियमचे पिवळे व्हॅनेडेटही झळाळत नाही. त्यामुळे दिव्याखाली अंधार दिसला म्हणून युरेनियम नाही असे ठरवू नये.

पिवळी-हिरवी खनिजे दुय्यम असतात. मूळ पिचब्लेंड झिजून सुटलेले युरेनियम फॉस्फेट, व्हॅनेडेट किंवा सिलिकेटबरोबर पुन्हा बसल्याने ती तयार होतात. नजर आधी त्यांच्यावर जाते, पण शिरेचा खरा वाव त्यांच्यावरून कळत नाही. काही ठिकाणी खाली प्राथमिक खनिज उरलेलेच नसते, सगळे युरेनियम वरच्या भेगांत पसरलेले असते.

आढळ लहान राहण्याची कारणे ठरावीक आहेत. युरेनियम झिरकॉन किंवा मोनाझाइट या सहज न झिजणाऱ्या खनिजांच्या कणांत अडकलेले असेल तर पाण्याला ते सुटत नाही. युरेनिनाइटच्या (पिचब्लेंडचेच स्फटिकी रूप) सुट्या कणांतून मात्र सहज सुटते. विभंग (खडक सरकून पडलेली भेग) अरुंद असेल किंवा चिकणमातीने बुजलेला असेल तर पाण्याचा प्रवाह थांबतो. अडवणारे द्रव्य थोडे असेल तर ते लवकर संपते. शिवाय जमिनीची झीज होत होत शीर भूजलाच्या पातळीच्या वर आली की जमलेले पुन्हा विरघळते.

मोजणीत तीन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे पार्श्वभूमी, म्हणजे तुलनेसाठीचा नेहमीचा किरणोत्सर्ग, चुकीच्या खडकावर मोजणे. ग्रॅनाइट मुळातच बेसॉल्टपेक्षा अधिक किरणोत्सारी असतो, तेव्हा तुलना त्याच खडकाच्या खनिजविरहित भागाशी करावी. दुसरी चूक चराची. सपाट जमिनीवर काउंटरला (किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राला) खालूनच किरण मिळतात, अरुंद चरात भिंतींकडूनही मिळतात, त्यामुळे खडक तोच असूनही आकडा दुपटीच्या जवळ जाऊ शकतो. तिसरी चूक सर्वांत फसवी आहे. काउंटरला मिळणारे गॅमा किरण मुख्यतः युरेनियमच्या वंशातल्या, म्हणजे त्याच्या क्षयातून टप्प्याटप्प्याने बनणाऱ्या मूलद्रव्यांपैकी, बिस्मथ-२१४चे असतात, खुद्द युरेनियमचे फारच थोडे. नुकत्याच बसलेल्या दुय्यम खनिजात ही वंशावळ पुरी झालेली नसते (त्याला दहा लाख वर्षांच्या घरातला काळ लागतो), म्हणून आकडा कमी येतो. उलट युरेनियम धुऊन गेले आणि त्याच वंशातले रेडियम मागे राहिले, तर आकडा फुगतो. यासाठी अंतिम प्रमाण रासायनिक विश्लेषणानेच ठरवावे. अर्धा मीटर मातीचा थरही बहुतेक गॅमा किरण अडवतो. कॅनडातला सिगार लेक हा अतिसमृद्ध साठा ४०० मीटरहून खोल आहे आणि पृष्ठभागावर त्याचा किरणोत्सारी मागमूस नव्हता.

नमुना घेताना चमकदार तुकडे वेचू नयेत. शिरेला आडवा, एकसारख्या रुंदीचा आणि खोलीचा खाचनमुना घ्यावा. त्यात शीर आणि दोन्ही बाजूंचा बदललेला खडक वेगवेगळा भरावा, म्हणजे नेमके कुठे किती आहे ते कळते. मग हिशेब करावा. ४० मीटर लांब, ०.३ मीटर रुंद आणि २० मीटर खोल शिरेचे घनफळ २४० घनमीटर, म्हणजे सुमारे ६५० टन खडक. त्यात ०.१ टक्का युरेनियम धरले तर हाती ६५० किलो येतात. पृष्ठभागावर काउंटर कितीही कडकडला तरी हा आकडा मोठा होत नाही.

जुन्या बोगद्यात किंवा खोल चरात हवा खेळती नसेल तर रेडॉन हा किरणोत्सारी वायू साचतो, म्हणून आत थांबू नये. खडक कोरडा फोडल्यास धूळ फुप्फुसात जाते, तेव्हा तो ओला करून फोडावा आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. ऑटुनाइट कोरड्या हवेत पाणी गमावून मेटा-ऑटुनाइट होते आणि पत्रे भुगा होऊन गळतात. नमुना झाकणाच्या डबीत, राहत्या खोलीपासून दूर ठेवावा आणि डबी उघडायची ती मोकळ्या हवेत.