‘काही असेल तर कळवा’ असं लिहिण्याआधी

रेझ्युमे, प्रोफाइल आणि नोकरीच्या शोधासाठी आमच्याकडे येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

“रेझ्युमे नेला, प्रोफाइल झालं, अर्ज तर रोज टाकतोय, मग फोन का येत नाही?” आमच्याकडून काम करून नेलेले बरेच ग्राहक महिन्या-दीड महिन्याने हा प्रश्न घेऊन परत येतात, आणि रेझ्युमे पुन्हा बदलून मागतात. आम्ही बदलून देऊही शकतो, पण बहुतेक वेळा अडलेलं असतं दुसरीकडेच.

जॉब पोर्टलवर खातं उघडणं, अलर्ट लावणं हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. एवढंच बघा की अलर्ट एकाच पदनामावर लावलेला नाही ना. एकाच कामाला एक कंपनी ‘अकाउंटंट’ म्हणते, दुसरी ‘अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह’, तिसरी ‘फायनान्स असोसिएट’. तीनही लावा. दोन शब्दांचं पदनाम शोधताना अवतरण चिन्हांत टाकलंत तर लिंक्डइनवर ते शब्द सलग असलेल्या जाहिराती वर येतात आणि बराच कचरा गळतो.

“सॉफ्टवेअरने माझा रेझ्युमे फेकला” हे कारण आम्ही फार ऐकतो. कंपन्या अर्ज साठवायला सॉफ्टवेअर वापरतात हे खरं. पण ते मुख्यतः मजकूर वाचून रकान्यांत भरतं आणि भरती करणारा माणूस त्यात शब्द टाकून शोधतो. आपोआप नकार येतो तो बरेचदा अर्जातल्या प्रश्नांमुळे: अनुभव किती वर्षांचा, अमुक परवाना आहे का. ती उत्तरं घाईत टिचक्या मारत देऊ नका. फाइल तपासायची असेल तर पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे ओळी उलटसुलट आल्या किंवा काहीच आलं नाही, तर सॉफ्टवेअरलाही तसंच दिसण्याची शक्यता मोठी. आमचा रेझ्युमे एका रकान्याचा, बिनफोटोचा, बिनचौकटीचा असतो तो यासाठी. “फारच साधा केलात” अशी तक्रार येते, साधाच करतो. मोबाइलवर त्याचा स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवलात, तर मात्र ती मेहनत वाया जाते.

आता मुख्य मुद्दा. ग्राहकांचा सर्वांत जास्त वेळ खाते ती ओळखीच्या लोकांना पाठवलेली ही ओळ:

“नमस्कार सर, मी सध्या नोकरीच्या शोधात आहे. रेझ्युमे जोडला आहे. काही असेल तर कळवा.”

वाचणारा माणूस चांगला असतो. तो “नक्की” असं लिहितो आणि विसरतो. कारण त्याने करायचं काय, हे त्या निरोपात कुठेच नाही. तुम्हाला कोणतं काम हवंय, त्याच्या कंपनीत तशी जागा आहे का, असली तर ती कोणाच्या हाताखाली, हा सगळा शोध तुम्ही त्याच्या अंगावर टाकलेला असतो. आणि तुम्ही इकडे त्या “नक्की”च्या भरवशावर थांबून राहता. असे पन्नास निरोप पाठवून झाले की वाटतं, ओळखींचा काही उपयोग नाही.

तोच निरोप असा लिहून बघा:

“नमस्कार. आधीच्या कंपनीत आपण एकाच मजल्यावर होतो, मी खरेदी विभागात होते. तुमच्या कंपनीच्या साइटवर व्हेंडर डेव्हलपमेंटची जागा दिसली. पुरवठादार शोधणं आणि दर ठरवणं हे काम मी सहा वर्षं केलंय. या जागेचं कामही तसंच आहे का, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल, तर त्या विभागात कुणाशी बोलावं एवढं कळलं तरी पुरे.”

ओळख कुठली, जागा कोणती, आपण काय केलंय आणि उत्तर दोन मिनिटांत देता येईल असा एक प्रश्न. नोकरी मागितलेलीच नाही. रेझ्युमेही जोडलेला नाही. तो समोरचा मागतो, आणि मागून घेतलेला रेझ्युमे उघडला जातो. लिंक्डइनवर नव्या माणसाला जोडताना चिठ्ठीला जागा बेताचीच असते, तेव्हा तिथे ओळख आणि प्रश्न एवढंच ठेवा.

हा निरोप अर्जाच्या आधी पाठवायचा. अनेक कंपन्यांत कर्मचाऱ्याने सुचवलेल्या उमेदवाराची वेगळी नोंद होते, आणि तुम्ही आधीच पोर्टलवरून अर्ज केलेला असेल तर ती शिफारस धरली जात नाही. एका क्लिकचा अर्ज तुम्हाला सोपा आहे तसा इतर सगळ्यांनाही सोपा आहे. त्या घाईपायी हातातली शिफारस घालवू नका.

पाठवायचं कुणाला? सख्ख्या मित्रांची नावं सगळ्यांना आधी सुचतात, पण त्यांना जे माहीत असतं ते बहुधा तुम्हालाही माहीत असतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली हेच मांडलं: ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. पुढे लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवर पाच वर्षं प्रयोग झाले, त्यांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. त्यातही नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडल्या त्या मध्यम सैल ओळखी. अगदीच नावापुरत्या नव्हेत. म्हणजे जुने सहकारी, वर्गातले दूरचे सोबती, कामानिमित्त बोलणं झालेले पुरवठादार आणि ग्राहक. अनोळखी पाचशे जणांना जोडत सुटणं यात बसत नाही.

उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण करा. मदत झाली असेल, तर पुढे काय झालं ते त्या माणसाला कळवा, नकार आला तरी. हे फार कमी लोक करतात.

नोकरीत असताना शोध चालू असेल तर लिंक्डइनवरची ‘ओपन टू वर्क’ (नोकरी शोधतोय) ही खूण फक्त रिक्रूटरना, म्हणजे भरती करणाऱ्यांना, दिसेल अशी ठेवा. मात्र तुमच्या सध्याच्या कंपनीला ती दिसणार नाही याची पूर्ण हमी लिंक्डइनही देत नाही.

“माझ्या खात्यातून तुम्हीच अर्ज टाका” असं बरेच जण म्हणतात. आम्ही पासवर्ड घेत नाही आणि अर्जही टाकत नाही. दुसऱ्याने भरलेल्या शंभर अर्जांपैकी एखाद्यावर फोन आला की “कुठली कंपनी म्हणालात?” असं विचारायची पाळी तुमच्यावरच येते. नोकरी लावून देण्याचे पैसेही आम्ही घेत नाही. घेतो ते लिखाणाचे आणि बैठकीचे. मुलाखतीसाठी, नोंदणीसाठी किंवा लॅपटॉपच्या अनामतीसाठी कोणी पैसे मागितले, तर तिथेच थांबा.

पुढच्या बैठकीला येताना रेझ्युमेची नवी फाइल आणू नका. वीसेक नावं एका कागदावर लिहून आणा. प्रत्येकापुढे तो सध्या कुठे आहे आणि तुमची ओळख कशी झाली एवढं असू द्या. त्यातल्या पहिल्या पाचांचे निरोप आपण बसून लिहू. रेझ्युमे आमच्याकडून करून घेतलेल्यांना या बैठकीचे वेगळे पैसे नाहीत. फक्त वेळ आधी ठरवून या.