पिकाचो खिंड 'सर्वांत पश्चिमेकडची' नव्हे
अमेरिकी यादवी युद्धातली सर्वांत पश्चिमेकडची लढाई ॲरिझोनातल्या पिकाचो खिंडीत झाली, हे विधान वर्षानुवर्षं फिरतंय. ते चूक आहे. १५ एप्रिल १८६२ च्या या चकमकीच्या सुमारे दोन आठवडे आधीच, बरंच पश्चिमेला, गिला नदीकाठच्या स्टॅनविक्स ठाण्यावर गोळीबार झाला होता. उत्तरेच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, फौजेसाठी साठवलेलं वाळलं गवत दक्षिणेच्या फुटीर राज्यांचे स्वार तिथे जाळत होते. उत्तरेचा एक शिपाई जखमी झाला.

पिकाचोला 'लढाई' म्हणणंही जास्तच. उत्तरेचे जेमतेम १३ घोडेस्वार, समोर १०. उत्तरेच्या लेफ्टनंट जेम्स बॅरेटने दुसऱ्या तुकडीची वाट न पाहता हल्ला केला. तिघं हाती लागले, पण दाट झुडपांतून आलेल्या गोळ्यांनी बॅरेट आणि दोन शिपाई ठार झाले. शेवटी दोन्ही बाजू मागे फिरल्या. खिंड कुणीच धरून ठेवली नाही.