नरक्याच्या रेणूतलं पाचवं वलय

जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यातल्या लोकांना नरक्या सांगावा लागत नाही. फुलांच्या घाण वासावरूनच तो ओळखू येतो. सह्याद्रीतल्या या झाडाच्या तस्करीच्या बातम्या अधूनमधून छापून येतात आणि मग कोणीतरी विचारतंच, ‘साल उकळून प्यायली तर कॅन्सर बरा होतो का हो?’ नाही. उलट जिवावर बेतेल.

लाकडात असतं ते कॅम्प्टोथेसिन, कॅन्सरच्या पेशी मारणारं द्रव्य. १९६६ साली मनरो वॉल आणि आपल्या नंदुरबारात जन्मलेले मनसुख वाणी यांनी अमेरिकेत ते एका चिनी झाडातून वेगळं काढलं. नरक्यात ते नंतर सापडलं. एकमेकांना चिकटलेली पाच वलयं, असा हा रेणू. पेशी विभागताना डीएनएला पीळ पडतो. दाव्याचा पीळ आपण उलटा फिरवून काढतो, तसं हे काम टोपोआयसोमरेज-१ हे विकर (एन्झाइम) करतं: एक धागा कापतं, पीळ सोडवतं, पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं कापलेल्या फटीत जाऊन बसतं. सांधा होत नाही, पेशी मरते.

पण हा पदार्थ पाण्यात विरघळेना. म्हणून १९७० च्या सुमारास त्याचा सोडियम क्षार रुग्णांना टोचण्यात आला. क्षार करताना पाचव्या वलयातला एक बंध सुटतो आणि वलय उघडतं. बाकी सगळा सांगाडा जसाच्या तसा, तरी औषधाचा जोर जवळजवळ संपतो. गाठींवर परिणाम बेताचाच झाला. वर काहींना लघवीतून रक्त जाऊ लागलं. लघवी आम्लधर्मी असते. तिथे वलय पुन्हा मिटे आणि औषध मूत्राशयातच कामाला लागे. चाचण्या थांबल्या.

याच वलयावरचा हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आरशातल्या प्रतिमेसारखा उलट्या बाजूला नेला, तरी परिणाम जवळपास नाहीसा होतो. दुसऱ्या टोकाच्या वलयावर मात्र बदल चालतात, पण तेही जागा बघून. रेणूतल्या जागांना क्रमांक दिलेले असतात: नवव्या-दहाव्या स्थानी काही जोडलं तर खपतं, बाराव्यावर जोडलं की जोर घटतो. नवव्या-दहाव्याचीच ही सवलत वापरून पाण्यात विरघळणारं टोपोटेकन हे औषध तयार झालं.

मला जास्त हुशारीचं वाटतं ते इरिनोटेकन, आज मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर दिलं जाणारं. त्यात दहाव्या स्थानी एक मोठा गट मुद्दाम अडकवलेला असतो, त्यामुळे ते विरघळतं; पण त्या रूपात ते दुबळंच. शरीरातली विकरं तो गट तोडतात आणि उरतो एसएन-३८, मूळ इरिनोटेकनच्या शंभर ते हजार पट जोरदार. पुढे यकृत त्याच जागी साखरेपासून बनलेलं एक आम्ल जोडून त्याला निष्प्रभ करतं आणि आतड्यात सोडतं. ज्यांचं हे आम्ल जोडणारं यकृतातलं विकर जन्मतःच मंद असतं, त्यांच्या पांढऱ्या पेशी धोक्याइतक्या घटू शकतात, म्हणून डॉक्टर मात्रा कमी करतात. आतड्यातले जिवाणू ते आम्ल पुन्हा तोडून टाकतात आणि एसएन-३८ तिथेच परत जोरदार होतं. इरिनोटेकन घेणाऱ्यांना लागणाऱ्या तीव्र जुलाबांचं हे एक मोठं कारण.